अकराचा पंखा

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या खांद्यावर बटाट्याची गोणी होती, आणि गोणीतून पाणी गळत होतं.

मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे फूटव्हॉल्व्ह पुसत होते. पुसायची काही गरज नव्हती, आदल्याच दिवशी पुसले होते. पण नारायणगावात भर दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि रिकामं बसणं मला जमत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं मम्मी म्हणते. कॉलेज संपल्यापासून चेतना पप्पांच्या पंप-मोटारीच्या दुकानात बसते, असं सगळे सांगतात. खरं तर मी बसत नाही, नुसती फिरते.

"ओ ताई," तो खालून म्हणाला. "असला पंखा मिळंल का?"

ताई! मी वळून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, भिजलेल्या बाह्या, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते. आधी रागच आला.

"बटाटे काउंटरवर नकोत हं. जैनांचं दुकान आहे."

"बटाटं न्हाईत वो." त्यानं गोणीत हात घातला आणि एक जड वस्तू काढून माझ्यापुढं ठेवली. तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा. एक पातं अर्धं गायब, दुसरं कानासारखं मुडपलेलं. "बोटीचा हाये. येडगावच्या धरनात जुना बांध बुडलाय ना, त्याला घासला."

"आम्ही विहिरीचे पंप विकतो. बोटीचं सामान नाही."

"पंपात बी पंखाच असतोय की."

"पंपातला पाणी ढकलतो आणि स्वतः जागेवर राहतो," मी तोऱ्यात म्हणाले. "बोटीतला पाणी ढकलतो आणि स्वतः पुढं जातो."

म्हणाले खरी, पण मलाच कुठंतरी टोचलं. मी पंपातला पंखा होते. दिवसभर गरगर आणि जागा तीच.

"मंजी तुमाला ठावं हाये समदं!" तो म्हणाला आणि हसला. आता डोळ्यांचं सांगते. ते आधी हसायचे, तोंड नंतर.

त्याचं नाव ऋषी. घर पेठ गावात, बटाट्याची शेती. तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी चालवून गावी परतला होता, आणि येताना एक जुनी फायबरची बोट नि साठ एचपीचं इंजिन घेऊन आला होता. धरणाच्या पलीकडच्या काठावर रामदासभाऊंचं कृषी पर्यटन केंद्र आहे. दहा माणसं घेऊन बोट न कुंथता पलीकडे आली, तर पाहुण्यांची ने-आण ऋषीला मिळणार होती. चाचणी दिवाळीआधीच्या रविवारी.

"आणि नाही आली तर?"

"तर सोमवारी तारकर्लीची गाडी. तिथला मालक रोज फोन करतोय. ह्या टायमाला गेलो की मग तिकडलाच व्हनार बघा."

मला काय त्याचं? ओळख होऊन चहा गार व्हायचा होता. तरी मी फोन उचलला आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याला लावला. पप्पांच्या ओळखीचे, बोटीचं सामान ठेवतात. ते पलीकडून प्रश्न विचारत होते, मी ऋषीला विचारत होते.

"माणसं किती?"

"धा."

"वजन?"

"माजं? बासष्ट."

"बोटीचं!"

"माज्याकडं बघून इचारलं म्हनून सांगितलं," तो खाली बघत म्हणाला. कोपऱ्यात टेबलाशी बसलेले पप्पा खोकले. आमचे धरमचंद शेठ हिशेब करताना काही ऐकत नाहीत, असा गावाचा समज आहे. तो चुकीचा आहे.

व्यापाऱ्यानं सांगितलं, पंखा स्टेनलेस स्टीलचा घ्या. पाती पातळ असतात, जोर पडला तरी वाकत नाहीत, पाणी घट्ट धरतात. पण एक आहे. ॲल्युमिनियमचा पंखा दगडावर आपटला की स्वतः मोडतो आणि इंजिन वाचवतो. स्टीलचा मोडत नाही, धक्का आत गिअरला पोचवतो. मधे रबराचं बूश असतं, ते सोसेल तेवढं सोसतं.

"मंजी सोता मोडायचं न्हाई अन् आतल्याला दुखवायचं," ऋषी म्हणाला. "असली मानसं लई बघितलीत."

"स्टील घ्यायचं तर दगड कुठं आहेत ते माहीत पाहिजे."

"एकेक बांध ठावा झालाय आता. आपटल्याबिगर कुटं काय कळतंय?"

राहिला पिच. लाकडात स्क्रू पिळावा तसा पंखा पाण्यात शिरतो. एका फेऱ्यात तो किती इंच पुढं सरकायला हवा, तो त्याचा पिच. जास्त पिच म्हणजे पळ जास्त, ओढ कमी. कमी पिच म्हणजे ओढ जास्त, पळ कमी. वेगाची मूठ पुरी पिळल्यावर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला पाच हजार ते सहा हजारांच्या मधे राहिला, तर पंखा बरोबर. ऋषीला तेराचा हवा होता. मी म्हणाले अकराचा. व्यापारी म्हणाले, दोन्ही पाठवतो, पाण्यात लावून बघा, नको तो शनिवारपर्यंत परत करा.

"तुमी येनार का बघायला?" ऋषीनं जाताना विचारलं. "न्हाई... काटा बघायला कुनीतरी लागंल. मी मूठ धरनार ना, म्हनून..."

"बघते," मी म्हणाले. तो गेल्यावर परत फूटव्हॉल्व्ह पुसले.

पंखे आले त्या दिवशी पप्पा म्हणाले, "एकटी नाही जायचं, मी येतो." पप्पांना पाण्याची भीती वाटते. आयुष्यभर विहिरीचे पंप विकले, पण विहिरीत कधी वाकून बघितलं नाही. ते धरणाच्या काठावर, पाण्यापासून चांगलं लांब प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. मांडीवर डबा. आमच्याकडे चौमासात चोविहार असतो. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं पप्पांचा एक डोळा माझ्यावर आणि एक सूर्यावर होता.

दहा माणसं कुठून आणायची? ऋषीनं घरून पिकअपमधून बटाट्याच्या गोण्या आणल्या होत्या.

"एवढे बटाटे!" मी म्हणाले. जन्मात एकही न खाल्लेली मुलगी त्या ढिगावर बसणार होती.

"चावत न्हाईत," तो म्हणाला.

आधी त्यानं तेराचा लावला. पातं फिरू नये म्हणून मधे लाकडाचा ठोकळा अडकवला, नट आवळला, पिन घातली. पहिली फेरी गोण्यांशिवाय. त्यानं मूठ पिळली आणि... काय सांगू! माझी ओढणी मागं, वेणी मागं, दुकान, फळ्या, फूटव्हॉल्व्ह सगळं मागं. काटा पाच हजार आठशेवर. ऋषी वाऱ्यावर ओरडत होता आणि मीही ओरडत होते, काय ते आम्हालाच ठाऊक नाही. काठावर पप्पा खुर्चीतून उठून उभे राहिलेले दिसले.

मग गोण्या भरल्या. आता बोटीचं नाक आभाळाकडं, बूड पाण्यात, आणि इंजिन कण्हतंय. काटा चार हजार सातशेच्या पुढं जाईना.

अकराचा लावला. त्याच गोण्या, तीच मूठ. बोट जराशी अडखळली, मग नाक खाली करून अलगद पाण्यावर चढली. काटा पाच हजार दोनशे. मी विजयानं त्याच्याकडं पाहिलं. पण गोण्या उतरवून रिकामी बोट पळवली, तेव्हा काटा सहा हजारांच्या वर उधळला. इंजिन गचके द्यायला लागलं. ऋषीनं मूठ सोडली, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"तेराचाच ठेवतो," तो म्हणाला.

"चार हजार सातशेवर? दहा माणसं ओढून ओढून इंजिन बसेल!"

"अन् माघारी येताना? लोकांना पलीकडं सोडलं की रोज सांजच्याला मी एकलाच येनार. तेवढंच माजं असतंय बघा. मूठ पिळली की डोक्यातलं समदं मागं पडतं... तुमाला न्हाई कळायचं."

कळलं होतं. नको तितकं कळलं होतं, म्हणून तर चिडले.

"मग जा तारकर्लीला! तिकडे पळवा रिकामी बोट! बोट स्वतःसाठी घेतली की माणसांसाठी, ते आधी ठरवा. पंखा मग निवडा."

तो माझ्याकडं बघत राहिला. हातातल्या पान्यावरून ग्रीस मिसळलेलं पाणी त्याच्या चपलेवर टपकत होतं. "तुमी," तो हळू म्हणाला, "पंख्यासाठी एवढ्या चिडलाय?"

"चेतना!" काठावरून पप्पांचा आवाज आला. "सूर्य!"

मी उतरले. "नको असेल तो पाठवून द्या," एवढंच म्हणाले, तेही मागं न बघता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. येडगावकडून येणारी प्रत्येक जीप आमच्या दुकानावरून जाते. हॉर्न वाजला की मी दारात. टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजारात जाणाऱ्या गाड्या, राजुरीच्या गाड्या, मळलेल्या काचांच्या, गाणी लावलेल्या... एकीतही तो नाही. एका शेतकऱ्याला पाच एचपीच्या मोटारीऐवजी तीनची दिली, तो शिव्या देत परत आला. "बेटा, बस ना एका जागी," पप्पा म्हणाले. मी बसले, आणि बसल्या बसल्या पाय हलवत राहिले. तेराचा परत आला तर तो माणसांसाठी थांबतोय. अकराचा आला तर... तर मी कशाला रडायचं? माझा कोण लागतो तो? असं स्वतःला सांगायचे आणि पुन्हा दारात जायचे.

शनिवारी दुपारी जीपवाले सोपानभाऊ दारात थांबले. पुढच्या सीटवर गोणी.

"पेठंच्या पोरानं दिलीया."

गाठ सुटेना. दातांनी सोडवली. आत कागदात गुंडाळलेला स्टीलचा पंखा, एकही ओरखडा नसलेला. मधल्या तुंब्यावर आकडा कोरलेला असतो, तो मी बोटानं चाचपला आणि मग डोळे उघडले.

तेरा.

पंख्याखाली आणखी काहीतरी होतं. घेवडा, दोडकी, वालाच्या शेंगा. गोणी भरून.

"निरोप बी हाये," सोपानभाऊ डोकं खाजवत म्हणाले. "पोरगं म्हनलं, मॅडमना सांगा... समदं जमिनीच्या वरचं हाये. तपासून घ्या."

मी हसले की रडले, दोन्ही झालं. पप्पांनी एक घेवड्याची शेंग उचलली, कटकन मोडली, वास घेतला. "ताजी आहे," म्हणाले आणि परत हिशेबात डोकं घातलं.

रविवारी आम्ही धरणावर पोचलो तेव्हा बोट भरत आली होती. रामदासभाऊ, ऋषीची आजी साळुबाई, राजुरीच्या बचत गटाच्या बायका. दहावी मी. पप्पांची खुर्ची त्याच जागी.

"आलात," ऋषी म्हणाला.

"काटा बघायला कुणीतरी लागेल ना."

त्यानं मूठ पिळली. इंजिन गरजलं. पण बोट चढेना! नाक वर, बूड खाली, अगदी तेराच्या पंख्यासारखी. मला कळेना. पंखा अकराचाच होता. काटा अडकून बसला होता.

"काय राव ऋषी," रामदासभाऊ ओरडले, "ही बोट हाये का घसरगुंडी?"

मी मागं पाहिलं आणि कळलं. बटाट्याच्या गोण्या ठेवू तिथं बसतात. बायका बसत नाहीत. पुढं पाणी अंगावर उडतं म्हणून साळुबाईंनी सगळ्यांना मागं, नातवाजवळ ओढून घेतलं होतं. सगळं वजन इंजिनापाशी, आणि पुढची फळी रिकामी.

"बोट हळू करा!" मी ओरडले. वेग मंदावताच उठले आणि वाकून, कडेला धरत मागं गेले. "आजी, चला, आधी तुम्ही. हळू. मावशी, तुम्ही मधे... माझा हात धरा."

"ही कोनाची गं पोर?" साळुबाई माझ्या हाताला लोंबकळत म्हणाल्या. "बूड म्हनून टेकंना हिचं!"

आयुष्यभर याच गोष्टीवरून बोलणी खाल्ली, आज तीच कामाला आली. एकेकीला पुढं नेऊन बसवलं, शेवटी मीही सगळ्यात पुढं बसले आणि मागं वळून ऋषीला मान डोलावली. त्यानं मूठ पिळली. बोटीनं नाक खाली घेतलं आणि पाण्यावर चढली. बायका किंचाळल्या, मग हसायला लागल्या. मला तिथून काटा दिसत नव्हता. ऋषीनं बोटं वर केली, आधी पाच, मग दोन. पाच हजार दोनशे.

"बास, बास! समजलं!" रामदासभाऊ टोपी धरून ओरडले. "दिवाळीपासून चालू कर बाबा!"

पलीकडच्या काठावर चहा आणि कांदा-बटाट्याची भजी मांडली होती. बायका तिकडं वळल्या. मी आभाळाकडं बघितलं. सूर्य डोंगराला टेकायला आला होता, आणि डबा पप्पांजवळ होता.

"मला सोडा ना पटकन," मी म्हणाले. "यांना मग घेऊन या."

बोटीत आम्ही दोघंच. पाणी केशरी झालेलं, वारा पडलेला.

"पिळा ना मूठ!"

"न्हाई पिळता येत. अकराचा हाये. दोघात काटा उधळतोय." त्याचे डोळे हसले. "तुमीच निवडलाय."

"सूर्य चाललाय! सकाळपर्यंत उपाशी राहीन मी!"

त्यानं इंजिन बंद केलं. बोट नुसतीच तरंगायला लागली. फळीखालून त्यानं फडक्यात बांधलेला डबा काढून माझ्यापुढं धरला. बाजरीची भाकरी आणि घेवड्याची भाजी.

"कांदा न्हाई, लसून न्हाई. आजीला इचारलं, कांदा-लसनाबिगर भाजी व्हती का? म्हनली, व्हती, पन तिला भाजी म्हनत न्हाईत."

मी खाल्ली. खरं सांगते, मीठ जरा जास्तच होतं. पण एकेक घास घशाखाली उतरताना डोळे भरून येत होते, आणि तो समोर बसून बघत होता, मधेच सूर्याकडं, मधेच माझ्या भाकरीकडं, दोन्हींतलं आधी काय संपतं ते.

"तारकर्लीला लई एकलं वाटायचं," तो अचानक म्हणाला. "म्हनून जोरात यायचो. तुमी त्या दिवशी बोललात ना... घरी गेलो अन् दोन्ही पंखे म्होरं घेऊन बसलो. वाटलं, आता एकल्यासाठीचा कशाला ठेवायचा?"

मी शेवटचा घास तसाच हातात धरला.

"मला तुमी आवडता, चेतना. लई. पंखा इचारायला आलो तवापासनं."

"तेव्हा तर ताई म्हणालात!"

"चुकलं वो."

"ऋषी," मी म्हणाले, "मला कुठंच बसवत नाही. दुकानात नाही, घरात नाही. या बोटीत मात्र... रोज परतताना वजन लागेल ना तुला?"

"तुला म्हनलात?"

"म्हणाले. मला तू आवडतोस, म्हणून म्हणाले."

ऋषीनं पाण्यानं गार झालेला हात पुढं केला, आणि मी भाकरीच्या हातानंच तो धरला. सूर्याची शेवटची कोर तेवढी उरली होती. मी घास तोंडात टाकला, पाणी प्यायले, आणि सूर्य गेला.

"चेतना!" लांबून हाक आली. "जेवलीस का?"

"जेवले!"

"काय?"

"घेवडा!"

ऋषीनं इंजिन परत चालू केलं.

बोट टेकली तेव्हा पप्पा खुर्ची सोडून पाण्याच्या अगदी कडेला उभे होते. बूट भिजले होते, त्यांच्या लक्षातही नव्हतं. ऋषी चाचरत म्हणाला, "शेठ, मी जरा बायकांना घेऊन येतो."

"रिकामीच?" पप्पा म्हणाले. "अकराचा पंखा रिकाम्या बोटीला चालत नाही ना?"

म्हणजे हिशेबात डोकं घालून सगळं ऐकत होते तर!

"हळू नेली की चालतंय, शेठ."

"हळू कशाला? बायका खोळंबतील तिकडे. आम्ही बसतो."

मी पप्पांकडं बघतच राहिले. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं, एक पाय बोटीत टाकला, डोळे मिटले आणि दुसरा टाकला. फळीवर बसले ते कडेला दोन्ही हातांनी धरून, मग एक हात सोडून परत माझं मनगट. बोट निघाली. पप्पांचे ओठ हलत होते. नवकार मंत्र म्हणत होते.

धरणाच्या मधोमध त्यांनी, डोळे मिटलेलेच, हाक मारली. "ऋषीभाऊ."

"जी शेठ?"

"तुमच्या वावरात बटाटा सोडून काय काय होतं?"

"घेवडा व्हतोय. वाल, दोडका... वाटाना बी व्हतोय."

"घरचे जास्त लावतील?"

"लावत्याल की."

पप्पांनी एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला.

"मग लावा," ते म्हणाले. "आमच्याकडे रोज लागेल."

ऋषीनं मूठ थोडी आणखी पिळली. मी पप्पांचा हात धरून, पाय न हलवता, तिथंच बसून राहिले.